नागपुरात घर रस्त्यात किंवा प्लॉट आरक्षणात जात असेल तर: नोटिशीपासून ताब्यापर्यंत

महाल, इतवारी, गांधीबाग या जुन्या वस्त्यांत रस्ता रुंद होणार ही गोष्ट घरमालकाला बहुतेक वेळा भिंतीवरच्या रंगाने आधी कळते, कागदाने नंतर. ओट्यावर लाल बाण, त्याखाली मीटरमध्ये आकडा. त्या रंगाला कायद्यात काही किंमत नाही. तो पाहून घाबरून दुकान अर्ध्या किमतीत विकू नका, आणि ‘गेली वीस वर्षं नुसतेच रंग मारतात’ म्हणून निर्धास्तही बसू नका. जागा जाते ती कागदाने, आणि कागदावरची सर्वांत मोलाची ओळ म्हणजे त्यात लिहिलेलं कलम. किती दिवसांत बोलायचं, कोणापुढे बोलायचं आणि पैसे कसे मोजले जाणार, हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

कागद कोणाचा, कलम कोणतं

महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, शहराबाहेरच्या पट्ट्यात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए), महामार्गासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण: नागपुरात जागा मागणारी कार्यालयं अनेक आहेत. मनपाला तुमची जागा हवी असली तरी सक्तीच्या भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, मनपा स्वतः करत नाही. प्रस्ताव शासनाकडे जातो आणि निवाडा जिल्हाधिकारी कार्यालयातला भूसंपादन अधिकारी करतो. त्यामुळे मनपाच्या झोन कार्यालयातल्या अभियंत्याने तोंडी सांगितलेला दर हा दर नव्हे.

नोटिशीत ‘२०१३ चा भूसंपादन कायदा, कलम ११’ असेल तर ती प्राथमिक अधिसूचना आहे. हरकतीला ६० दिवस मिळतात. हे दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात, पोस्टमनने पाकीट दिल्यापासून नाही. याच अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जागेचा व्यवहार करता येत नाही. जाणूनबुजून व्यवहार केला तर त्यातलं नुकसान भरून मिळत नाही.

‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६’ असेल तर दोन शक्यता आहेत. कलम २६ म्हणजे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे. हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते आणि ती एकदाच मिळते. कलम १२६ म्हणजे आरक्षण (शाळा, बगिचा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं) ठरून गेलं आहे आणि आता जागा प्रत्यक्ष घेण्याची वेळ आली आहे. संपादन कसं होणार ते हेच कलम सांगतं: आपसात ठरवून मोबदला, मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसऱ्या प्लॉटवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्र, नाहीतर २०१३ च्या कायद्याने सक्तीचं संपादन.

‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २१० ते २१६’ असेल तर प्रकार रस्त्याच्या नियमित रेषेचा आहे. जुन्या नागपुरात हा सर्वांत जास्त दिसतो. नवी रेषा आखण्याआधी किमान महिनाभराची जाहीर नोटीस लागते. रेषेत येणारं बांधकाम पाडण्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस लागते, आणि कलम २१६ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. ‘रेषा आधीच ठरली आहे, पैसे मिळत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर हे कलम पुढे करा.

‘राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, कलम ३-ए’ असेल तर सगळ्यात जास्त घाई करा. तिथे हरकतीला फक्त २१ दिवस आहेत. दर पटला नाही तर प्रकरण शासनाने नेमलेल्या लवादाकडे जातं, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे. त्यापुढे जिल्हा न्यायालय.

कोणतं कलम याला इतकं महत्त्व का, याचं उत्तर नागपूरच्याच एका खटल्यात आहे. सुधार प्रन्यास आपल्या १९३६ च्या कायद्याने जमिनी घेत असे तेव्हा मालकाला सांत्वन रक्कम (सक्तीने जागा घेतल्याबद्दल भरपाईवर मिळणारी जादा रक्कम) मिळत नसे. तीच जमीन सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली तर १५ टक्के सांत्वन रक्कम मिळे. नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा भेद समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला. जागा कोणती संस्था घेते यावरून मालकाचा मोबदला कमीजास्त होऊ शकत नाही. १९७३ चा म्हणून ओळखला जाणारा हा निकाल आजही देशभर दाखवला जातो. हरकतीत तो जरूर लिहा.

त्याला जोड म्हणून मे २०२४ मधला कोलकाता महानगरपालिकेचा निकाल घ्या. जागा घेण्याचा अधिकार म्हणजे नुसती भरपाई देऊन मोकळं होणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात घटनेच्या कलम ३००-अ खाली सांगितलं. आधी नोटीस, मग ऐकून घेणं, कारणांसह आदेश, खरोखरचं सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत कार्यवाही, आणि शेवटी संपादन पूर्ण करणं अशा सात गोष्टी मालकाला मिळायलाच हव्यात. तुमच्या प्रकरणात यातली कोणती राहिली ते शोधा आणि नेमकं तेवढं मांडा.

पहिल्या आठवड्यात गोळा करायचे कागद

शहरातल्या जागेसाठी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), ग्रामीण किंवा नव्याने शहरात आलेल्या भागासाठी सातबारा आणि आठ-अ. त्यावरचा मौजा, खसरा किंवा नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्र नोटिशीतल्या अनुसूचीशी अक्षरशः ताडून पाहा. खसऱ्याचा एक आकडा चुकला किंवा पोटहिस्सा सुटला की पुढे पैसे शेजाऱ्याच्या नावावर निघतात, आणि ती चूक दुरुस्त करायला वर्षं जातात. विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठरली आहे ते सांगणारा) मनपाच्या नगररचना विभागातून किंवा प्रन्यासातून घ्या. दोघांचं अधिकारक्षेत्र मधल्या काळात बदललं आहे, म्हणून कोणत्या कार्यालयाने कोणत्या तारखेला दाखला दिला हे जपून ठेवा.

गुंठेवारीतला (मंजुरी न घेता पाडलेला) प्लॉट असेल, म्हणजे लोक ज्याला ५७२ किंवा १९०० चे लेआउट म्हणतात त्यातला, तर आरएल पत्र (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) काढून ठेवा. आरएल झालेलं नसेल तर डिमांड (नियमितीकरणासाठी मागितलेली रक्कम) भरल्याच्या पावत्या, विक्रीपत्र आणि कर पावती यांची साखळी जुळवा. प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याची किंवा नझूलची (सरकारी मालकीची) जागा असेल तर पट्टा कधीपर्यंत आहे ते आधी पाहा. संपलेल्या पट्ट्यावर भरपाईतला तुमचा हिस्सा वादात जातो. नूतनीकरणाचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या.

आता सगळ्यात जास्त रखडणारी गोष्ट. जुन्या वाड्यांच्या आखीव पत्रिकेवर आजोबांचं नाव तसंच असतं. खाली चार भाऊ, दोन बहिणी, त्यांची मुलं, आणि फेरफार कोणीच केलेला नाही. हिस्सा कोणाचा किती हे स्पष्ट नसलं की भूसंपादन अधिकारी पैसे कोणालाच देत नाही, ती रक्कम भरपाईचे वाद ऐकणाऱ्या भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा करतो. रस्ता होऊन जातो आणि कुटुंब हिश्शाचा वाद लढत राहतं. यावरचा उपाय साधा आहे, पण तो निवाड्याच्या आधी करायचा असतो. मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. सगळे तयार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा. बहिणींची नावं गाळून काम लवकर होईल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती एक गाळलेली सही पुढे पूर्ण रक्कम अडवते, आणि हक्क तर त्यांचा आहेच.

भाडेकरूंनी गप्प राहू नये. इतवारीत तीन पिढ्या त्याच दुकानात बसलेला भाडेकरू हाही भरपाईत हितसंबंध असलेली व्यक्ती आहे. भाडे पावत्या, दुकान परवाना, वीज बिल जोडून त्याने स्वतःच्या नावाने दावा द्यावा. मालक आपलंही बघेल या भरवशावर राहिलेल्यांचं नाव निवाड्यात येत नाही.

मोजणीच्या दिवशी

संयुक्त मोजणी म्हणजे भूमी अभिलेख, भूसंपादन आणि ज्याला जागा हवी आहे त्या संस्थेची माणसं एकत्र येऊन करतात ती मोजणी. पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे राहतात. २०१३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे हे काम मालक किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस हजर असताना व्हायला हवं. गैरहजेरीत करायचं असेल तर ६० दिवस आधी नोटीस देऊन संधी दिलेली असावी लागते. पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांनी घरातल्या एखाद्याला आधीच लेखी अधिकारपत्र द्यावं.

त्या दिवशी स्वतःचा टेप असू द्या. रस्त्याच्या मध्यापासून मोजतात की सध्याच्या कडेपासून, हे विचारा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. आराखड्यात रस्ता १८ मीटरचा असेल तर मध्यापासून दोन्हीकडे ९ मीटर व्हायला हवेत. समोर मंदिर किंवा सरकारी इमारत आहे म्हणून सगळी रुंदी एकाच बाजूला ओढली जाते तेव्हा आक्षेप घेण्याची जागा हीच. विकास आराखड्यातली मूळ रेषा आणि जमिनीवर मारलेली खूण यांत फरक असेल तर मोजणी नकाशाची प्रत मागा, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात मागा. त्याचं उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

पंचनाम्यात भिंती आणि छतच नोंदवलं जातं, बाकीचं सुटतं. जिना, ओटा, शटर, विहीर, बोअर, शौचटाकी, पाण्याची टाकी, कुंपण, फरशी हे सगळं एकेक करून लिहायला लावा. तारखेसह फोटो काढा. सुटलेली वस्तू सहीआधी लिहून घेतली तर पाच मिनिटांचं काम असतं, नंतर तीच सिद्ध करायला अभियंत्याचा अहवाल लागतो.

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागायतदारांसाठी वेगळं सांगायला हवं. झाडांची किंमत वय आणि फळधारणेवर ठरते. पंचनाम्यात ‘संत्रा झाडे’ एवढंच लिहून चालत नाही. झाडांची संख्या, वय, आंबिया की मृग बहार, आणि ठिबक, सगळं यायला हवं. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडं बसतात. पंचनाम्यातला आकडा यापेक्षा फारच कमी दिसला तर तिथल्या तिथे पुन्हा मोजायला लावा. सातबाऱ्यावर बागेची आणि विहिरीची नोंद नसेल तर पटवाऱ्याकडे आधीच अर्ज द्या. नोंद नाही म्हणजे झाडं नाहीत असा अर्थ काढला जातो, आणि सहा वर्षं वाढवलेल्या बागेचा मोबदला कोरडवाहू जमिनीच्या हिशोबाने येतो.

घराचा फक्त पुढचा भाग जात असेल आणि उरलेल्यात राहणं शक्य नसेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम ९४ लक्षात ठेवा. मालकाची इच्छा संपूर्ण इमारत घ्यावी अशी असेल तर तिचा काही भागच घेता येत नाही. ही इच्छा निवाड्याआधी लेखी कळवायची असते. सोबत इमारत अर्धी पाडल्यावर उभी राहील की नाही यावर स्ट्रक्चरल अभियंत्याचा अहवाल द्या. महालातल्या माती-विटांच्या सामाईक भिंतींच्या घरांत तर हा अहवाल हवाच, कारण पुढची भिंत गेली की मागच्या खोल्यांचं वजन पेलायला काही उरत नाही.

हरकत कशी लिहावी

‘आम्ही गरीब आहोत, आमची जागा घेऊ नये’ अशा हरकती शेकड्याने येतात आणि एका ओळीत फेटाळल्या जातात. दुःख खरं असतं, पण त्यावर अधिकारी कारणांसह आदेश देऊ शकत नाही. क्षेत्र, नकाशा, पर्याय आणि प्रक्रिया यांवर लिहा. उदाहरणार्थ: मूळ आराखड्यात या ठिकाणी रस्ता इतका रुंद आहे, मोजणीत इतका धरला आहे, फरक इतका. किंवा शेजारी मनपाच्याच मालकीची मोकळी जागा अमुक खसऱ्यात आहे, तिचा विचार केलेला नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, प्रत्येकाला जोडपत्र. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य स्वतंत्र लिहा, ते राहून गेलं तर पुढे सुनावणी मागितलीच नव्हती असं उत्तर येतं. अर्ज आवक-जावक कक्षात देऊन शिक्का आणि क्रमांकासह पोच घ्या, आणि त्याच दिवशी एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा.

शेजाऱ्यांनी मिळून एक सामाईक हरकत द्यायला हरकत नाही, पण प्रत्येकाने स्वतःचीही द्यावी. सामाईक अर्जाची सुनावणी एकाला बोलावून संपते.

पैसे किती होतात

शहरी भागातला हिशोब २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ ते ३० मध्ये आहे. आधी जमिनीचा बाजारभाव. रेडी रेकनरचा (शासनाच्या दरतक्त्यातला) दर आणि परिसरातल्या खरेदी-विक्रीची सरासरी यांत जो जास्त असेल तो. सरासरी मागच्या तीन वर्षांच्या विक्रीपत्रांची, आणि त्यातही सर्वांत जास्त किमतीच्या निम्म्या विक्रीपत्रांची काढायची असते. प्रत्यक्षात अनेकदा सगळ्या विक्रीपत्रांची सरासरी काढली जाते आणि दर घसरतो. म्हणून नोंदणी कार्यालयातून आपल्या मौजातल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या (इंडेक्स टूच्या) प्रती स्वतः काढा, किमतीच्या उतरत्या क्रमाने लावा, वरचा अर्धा भाग घ्या आणि सरासरी स्वतः मांडून दाव्यासोबत द्या. दहा-बारा विक्रीपत्रांत दरात किती अंतर पडतं ते पाहिल्यावर या कष्टाची किंमत कळते.

समजा महालात ४० चौरस मीटर जागा जाते आणि दर ५०,००० रुपये चौरस मीटर निघाला. हा आकडा फक्त हिशोब कळावा म्हणून. जमीन २० लाख. शहरात जमिनीच्या भावाला लावायचा गुणक १, म्हणून तेवढीच. बांधकामाचं मूल्य ५ लाख धरलं तर एकूण २५ लाख. त्यावर १०० टक्के सांत्वन रक्कम, म्हणजे आणखी २५ लाख. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, कायद्याने सांगितलेल्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांतलं जे आधी घडेल तोपर्यंत. दीड वर्ष झालं असेल तर २० लाखांवर ३ लाख ६० हजार. एकूण ५३ लाख ६० हजार. निवाड्याच्या तक्त्यात सांत्वन रक्कम फक्त जमिनीवर धरलेली दिसली तर ती चूक आहे. ती बांधकाम आणि झाडांसकट एकूण भरपाईवर लागते. उलट १२ टक्के फक्त जमिनीवर. या दोन ओळींत बहुतेक चुका होतात.

रेडी रेकनर चौरस मीटरमध्ये असतो आणि नागपुरात बोलणं चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तुलना करताना हे रूपांतर आधी करा.

याखेरीज कलम २८ मध्ये उरलेल्या जागेचं नुकसान, दुकान किंवा घर हलवण्याचा खर्च आणि धंद्यातली घट हेही मागता येतं. पण मागितलं नाही तर कोणी आपण होऊन देत नाही. त्यासाठी कलम २१ ची नोटीस आल्यावर तपशीलवार दावा द्यायचा असतो. ही नोटीस ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची नसते. आयकर आणि जीएसटीची विवरणपत्रं जोडा. कागदावर उत्पन्न कमी दाखवलेल्या दुकानदाराला धंद्यातली घट जास्त सिद्ध करता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

ग्रामीण जमिनीसाठी जमिनीच्या भावावरचा गुणक कायद्यात १ ते २ यांमध्ये आहे. प्रकल्पानुसार शासनाची कोणती अधिसूचना लागू आहे ते निवाड्यातच शोधा. समृद्धी महामार्गाच्या वेळी ‘पाचपट’ हा शब्द गावोगावी झाला. त्यामागे हाच हिशोब होता: गुणक २, त्यावर तेवढीच सांत्वन रक्कम म्हणजे चौपट, आणि थेट खरेदीला तयार झाल्याबद्दल त्यावर २५ टक्के जास्त. थेट खरेदीत पैसे लवकर आणि जास्त मिळतात हे खरं, पण ते खरेदीखत असतं. सही झाल्यावर दर वाढवून मागण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून आधी स्वतःचा विक्रीपत्रांचा हिशोब करा, मग सही.

२०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर आणि मुद्रांक शुल्क नाही, कलम ९६. तरीही एखाद्या कार्यालयात टीडीएस कापला जातो. धनादेश निघण्याआधी लेखी पत्र देऊन हे कलम दाखवा.

टीडीआर घ्यायचा की रोख

मनपाकडे पैशांची चणचण असली की अधिकारी टीडीआर घ्या म्हणून आग्रह धरतात. तो तुमच्या संमतीचा व्यवहार आहे, नको असेल तर तसं लेखी कळवा आणि रोख मोबदला मागा. पण प्रत्येक वेळी टीडीआर वाईटच असतो असं नाही. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे दाट वस्तीत दिलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. महालातली ३० चौरस मीटर जागा दिली तर विकास हक्क प्रमाणपत्र ९० चौरस मीटरचं.

मात्र प्रमाणपत्रावरचा आकडा म्हणजे बांधता येणारं क्षेत्र नव्हे. ज्या प्लॉटवर टीडीआर वापरायचा त्याचा रेडी रेकनर दर आणि तुमच्या जागेचा दर यांच्या प्रमाणात तो बदलतो. तुमच्या जागेचा दर २५,००० आणि वापराच्या प्लॉटचा ५०,००० असेल तर ९० चे ४५ होतात. उलट असेल तर १८०. म्हणून स्वस्त वस्तीतल्या मालकाने टीडीआर घेण्याआधी दोनदा विचार करावा. महागड्या वस्तीतल्या मालकाला तो फायद्याचा पडू शकतो. घेणारे बिल्डर हे गणित पक्कं जाणतात, आणि विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर चौरस मीटरचा भाव त्याच्या हातात खाली पाडला जातो. उरलेल्या प्लॉटवरच वाढीव चटई क्षेत्र वापरायचं असेल तर समोरच्या रस्त्याची रुंदी आणि उंचीच्या मर्यादा एखाद्या वास्तुविशारदाकडून आधी तपासून घ्या. अरुंद गल्लीत कागदावर क्षेत्र मिळतं, जमिनीवर बसत नाही.

प्रमाणपत्रासाठी जागा बोजारहित आणि तुमच्या नावावर हवी. बँकेचं कर्ज असेल तर आधी ना-हरकत. आरक्षणाची जागा सपाट करून भिंत किंवा कुंपण घालून द्यावी लागते, तो खर्चही हिशोबात धरा. आणि ज्या जागेची रोख भरपाई घेतली तिच्यावर टीडीआर मिळत नाही.

निवाडा झाल्यावर: ज्या दोन शब्दांवर सगळं अडतं

निवाड्याची रक्कम घेताना पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा. हे न लिहिता पैसे घेतले की वाढीव मोबदल्यासाठी २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली भूसंपादन प्राधिकरणाकडे दाद मागता येत नाही. छापील पावतीत ‘पूर्ण समाधानाने’ असे शब्द आधीच असतात, ते खोडून सही करा किंवा वेगळं पत्र जोडून त्याची पोच घ्या. पैसे घ्यायला घाबरू नका. निषेधासह घेतले तर हक्क शाबूत राहतो आणि पैसेही हातात येतात.

मुदत अशी: निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. उशीर झाला तर पुढच्या एक वर्षापर्यंत पुरेसं कारण दाखवून सवलत मिळू शकते, पण तिच्यावर विसंबू नका. प्राधिकरणाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील.

निवाडा वेळेत होतो का हेही पाहा. प्राथमिक अधिसूचनेपासून बारा महिन्यांत घोषणा आणि घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा, असा कायद्याचा क्रम आहे. मुदतवाढीचा लेखी आदेश नसेल तर कार्यवाही व्यपगत झाल्याचा, म्हणजे आपोआप संपल्याचा मुद्दा उभा राहतो.

वर्षानुवर्षं पडून असलेलं आरक्षण

नागपूरचा सुधारित विकास आराखडा २००० साली मंजूर झाला, वगळलेले काही भाग पुढच्या वर्षी आले. त्यातलं शाळेचं, बगिच्याचं, बाजाराचं आरक्षण आजही अनेक प्लॉटवर आहे, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि कोणी पैसेही देत नाही. अशा मालकासाठी १९६६ च्या कायद्याचं कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, की मालकाने खरेदी सूचना द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. ‘पावलं’ म्हणजे ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र नव्हे, संपादनाची घोषणा निघायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात सांगितलं.

सूचना कुठे चुकते ते सांगतो. मालकीची कागदपत्रं न जोडता दिली तर ती सूचनाच धरली जात नाही. सगळ्या सहमालकांच्या सह्या नसतील तर वाद होतो. भलत्याच कार्यालयाला दिली तर २४ महिने सुरूच होत नाहीत. म्हणून मनपा आयुक्त, प्रन्यासाचे सभापती आणि ज्या खात्यासाठी आरक्षण आहे ते खातं, सगळ्यांना वेगवेगळी द्या आणि पोच जपा. आणि उशीर करू नका. आराखडा सुधारून नवा झाला आणि तोवर सूचना दिलेली नसेल तर दहा वर्षं नव्याने मोजली जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रफुल्ल दवे यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. २४ महिने संपल्यावर शासनाला राजपत्रात आदेश काढायला सांगावं लागतं. तो निघाला नाही तर खंडपीठात याचिका.

पारडी, भरतवाडा, पुनापूरकडे मात्र प्रकार वेगळा आहे. स्मार्ट सिटीसाठी तिथे नगररचना परियोजना राबवली गेली. त्यात जमीन संपूर्ण जात नाही, तुकडे एकत्र करून नव्याने आखले जातात आणि मालकाला लहान पण रस्त्यावरचा अंतिम भूखंड मिळतो. तिथे लढाई दराइतकीच अंतिम भूखंडाच्या जागेची आणि आकाराची असते. लवादापुढच्या सुनावणीत मूळ आणि अंतिम भूखंडाचा नकाशा शेजारीशेजारी ठेवून बोला.

ताब्याचा दिवस

भरपाईची पूर्ण रक्कम दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, २०१३ च्या कायद्याचं कलम ३८. ती निवाड्यापासून तीन महिन्यांत मिळायला हवी. रक्कम बाकी ठेवून ताबा घेतला तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज लागतं. कोऱ्या ताबापावतीवर सही करू नका. त्यावर क्षेत्र, चतु:सीमा, तारीख आणि मिळालेली रक्कम भरलेली असावी.

पाडकामाआधी वीज मीटर आणि नळ जोडणी बंद करण्याचे अर्ज स्वतः द्या, नाहीतर पाडलेल्या भागाची बिलं येत राहतात. मालमत्ता कराचं क्षेत्र कमी करून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात झोन कार्यालयात द्या. उरलेल्या जागेची मोजणी करून आखीव पत्रिका दुरुस्त करून घ्या. सागवानी खांब, दारं, कवेलू, लोखंड कोणाचं याचा उल्लेख निवाड्यात असतो. ते तुमचं ठरलं असेल तर जेसीबी येण्याआधी उतरवून घ्या, आणि सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याच्या बाजूने टेकू लावल्याशिवाय पहिला घाव घालू देऊ नका.